समुद्रकाठच्या त्या गाण्यासाठी, सर

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.

परवा घरच्या माणसांसमोर मी पियानोवर आल्कां या फ्रेंच रचनाकाराचं ते प्रेल्यूड, म्हणजे छोटी रचना, वाजवलं. संपल्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग आईने विचारलं, "ही बाई कुणाला हाका मारतेय गं?" रचनेचं नाव मी तिला सांगितलंच नव्हतं. हे पत्र लिहायचं मी त्याच रात्री ठरवलं. समोर बसून आभार मानू लागले की तुम्ही चहा टाकायला उठता, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आले तेव्हा मला पियानोचा प्रसिद्ध रचनाकार शोपँच शिकायचा होता. तुम्ही म्हणालात, "शिकू की. पण आधी त्याच्या शेजाऱ्याला भेट." आणि झेरॉक्सची तीन-चार पानं पुढे केलीत. शार्ल-व्हालांतँ आल्कां हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. 1813 साली पॅरिसमध्ये जन्मलेला, सहाव्या वर्षी तिथल्या काँझर्व्हेटरीत, म्हणजे संगीतशाळेत, दाखल झालेला हा माणूस. पॅरिसमधल्याच स्क्वेअर दॉर्लेआं या वसाहतीत तो आणि शोपँ शेजारी राहायचे. शोपँने पियानोच्या शिक्षणावरचं आपलं अपुरं लिखाण मरताना ज्या दोघांकडे सोपवलं, त्यांतला एक आल्कां. एवढ्या जवळच्या माणसाचं नावही माझ्या कानावर येऊ नये, याचं मला आजही वाईट वाटतं.

1847च्या पंचवीस प्रेल्यूड्समधलं ते आठवं, 'समुद्रकाठच्या वेड्या बाईचं गाणं'. ए फ्लॅट मायनर, म्हणजे सातच्या सात स्वर फ्लॅट, अर्ध्या स्वराने उतरवलेले. पान बघूनच मी घाबरले होते. तुम्ही काही समजावत बसला नाहीत. चष्म्याचं घर काढलंत आणि पियानोच्या मधल्या पट्ट्यांवर आडवं ठेवलंत. "इथे हात आणायचा नाही." डाव्या हाताला अगदी खालचे, जड, दबलेले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर. उजव्याला पार वर एकेका स्वराचं गाणं. मधे काहीच नाही. ते रिकामं अंतर हाच तिचा किनारा, हे मला त्या चष्म्याच्या घरामुळे कळलं. मधे गाणं वेग घेतं, चढतं, आणि मग विझत जातं. तिथे मी दर वेळी घाई करायचे. तुम्ही तीन महिने दर रविवारी तेवढाच भाग ऐकत राहिलात आणि एकदाही चिडला नाहीत.

बाकीचा आल्कां नंतर कळत गेला. 1848मध्ये काँझर्व्हेटरीतली पियानो विभागाची जागा त्याला न मिळता त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याला, मार्मोंतेलला मिळाली. पुढच्या वर्षी शोपँ गेला. 1853नंतर हा माणूस जवळजवळ वीस वर्षं जाहीर मैफलींपासून लांब राहिला. पण लिहायचा थांबला नाही. 1857मध्ये बारा एट्यूड्स, म्हणजे सरावाच्या रचना, छापून आल्या. त्यांतल्या चार मिळून एक आख्खी सिंफनी होते, तीन मिळून कन्चेर्टो. एरवी या दोन्ही प्रकारांना ऑर्केस्ट्रा, म्हणजे मोठा वाद्यवृंद लागतो. इथे तो नाही, वाजवणारा एकटाच! त्या कन्चेर्टोचा पहिला भागच अर्ध्या तासाच्या घरात जातो. इतकं अवघड वाजवणार कोण? स्वतः रचनाकार घरात बसलेला. 1960च्या दशकात रेमंड लेवेंथाल आणि रोनाल्ड स्मिथ या पियानोवादकांनी हे संगीत मंचावर आणलं, तोवर बहुतेक पानं मिटलेलीच राहिली.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. ताल्मूद हा ज्यू धर्मग्रंथ काढताना पुस्तकांचं कपाट अंगावर पडून आल्कां मेला, ही गोष्ट मी कुठेतरी वाचून मोठ्या उत्साहाने तुम्हाला सांगितली होती. तुम्ही हळूच म्हणालात की ती दंतकथा आहे. त्या काळच्या एका पत्रानुसार तो स्वयंपाकघरात पडलेला सापडला, छत्र्या ठेवायच्या जड स्टँडखाली. आणि 29 मार्च 1888 रोजी गेला. "लोकांना त्याचं मरण पाठ आहे," तुम्ही म्हणालात, "आपण त्याचं वाजवू या." त्या दिवसापासून मी त्याच्याविषयीचे किस्से कमी वाचते आणि स्वरलिपी जास्त.

सर, झेरॉक्सवरच्या तुमच्या पेन्सिलीच्या खुणा पुसट व्हायला लागल्या होत्या. बोटांचे आकडे, पेडलच्या खुणा, आणि त्या घाईच्या जागेवर लिहिलेलं 'थांब', सगळं मी नव्या प्रतीवर जसंच्या तसं उतरवून घेतलंय. तुमची प्रत रविवारी घेऊन येते.

तुमची विद्यार्थिनी