माइक बंद ठेवून घेतलेले प्रशिक्षण: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी प्राथमिक शाळेत मी एकोणीस वर्षे शिकवत आहे. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा संच मिळूनही त्याचा अध्यापनात वापर का झाला नाही, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा, अशी नोटीस मला गेल्या सोमवारी मिळाली. खुलासा मी मुदतीत दिला. त्यात जे मावले नाही ते येथे लिहीत आहे.

या संचाचे प्रशिक्षण आम्हाला व्हिडिओ कॉन्फरन्सद्वारेच देण्यात आले. तीन तासांपैकी पाऊण तास स्वागत आणि मनोगते यांत गेला, पुढे पडद्यावर स्लाइड सरकत राहिल्या, आणि गोंगाट नको म्हणून आम्हा सर्वांचे माइक आयोजकांनी बंद ठेवले. प्रत्यक्ष सरावाचे सत्र दिवाळीनंतर होईल असे सांगितले गेले; कोणत्या दिवाळीनंतर, हे विचारण्याची सोय नव्हती. प्रमाणपत्र मात्र त्याच संध्याकाळी आले. त्यात माझे आडनाव चुकले आहे.

वापर झाला नाही, हेही खरे नाही. हुरड्याच्या दिवसांत मी कोकणातल्या एका मैत्रिणीच्या वर्गाशी आमचा वर्ग जोडला. आमच्या मुलांना समुद्राविषयी विचारायचे होते, तिकडच्यांना ज्वारीचे कणीस पाहायचे होते. टीव्हीचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून अशी कर्कश शिट्टी घुमली की पहिलीची दोन मुले रडू लागली. पाठीमागे खिडकी असल्याने आमचे सगळे चेहरे काळे दिसले. चौदाव्या मिनिटाला माझ्या मोबाइलचा डेटा संपला. माइक टीव्हीपासून दूर ठेवावा, उजेड मुलांच्या तोंडावर यावा, नेट मंदावल्यास चित्र बंद करून आवाज तरी टिकवावा, हे मला नंतर शेजारच्या आयटीआयमधल्या मुलाने दहा मिनिटांत शिकवले. शाळेच्या खोलीला धड कुलूप नाही, म्हणून तो संच मी सोलापुरी चादरीत गुंडाळून रोज स्कूटीवरून घरी नेते आणि सकाळी परत आणते. नवीन केबलचे पैसे माझेच, पाठदुखीही माझीच. नोटिशीला उत्तर देण्याचा मान तेवढा शासनाने दिला.

प्रत्येक सभेत आम्हाला याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले आणि त्यांचा २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार ऐकवला जातो. आम्हाला त्यांचा अभिमानच आहे. पण उदाहरण ऐकवले म्हणजे प्रशिक्षण झाले, असे शासनाला का वाटावे? शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह २००४ साली अवकाशात गेला. तो पोहोचला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण सांगितले, आणि आपल्या यंत्रणेने त्याचा अर्थ ५० तासांची हजेरी असा लावला. वर्षभरात ऑनलाइन माहिती मागवणाऱ्या साठसत्तर लिंक तरी आम्ही भरल्या असतील. त्यांपैकी एकीनेही मला काय येत नाही हे विचारले नाही.

माझी मागणी लहान आहे. केंद्रशाळेत अर्धा दिवस, दहा शिक्षक, दोन खोल्या आणि दोन संच द्यावेत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आम्हाला प्रत्यक्ष पाठ घेऊ द्यावा, चुकू द्यावे, आणि चूक दाखवणारे माणूस तेथे उभे असावे.

पुढील प्रशिक्षणाची लिंक कालच आली आहे. माइक बंद ठेवण्याची सूचना तिच्यात ठळक अक्षरांत आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, सोलापूर