तोणकाचं खोबरं

म्हापसा, रविवार

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "पपा, तोणक कडू झालं, ओतून दिलं," आणि पुढे बोललीच नाहीस. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाची आपली ती रस्साभाजी रात्रभर मनात घोळत होती. घरात आपण कोंकणीच बोलतो, पण कागद समोर घेतला की माझा हात मराठीत चालतो. म्हणून हे पत्र.

कडूपणा मिरचीचा नव्हे. खोबरं करपलं. कामावरून दमून आल्यावर गॅस मोठा ठेवला असशील. अर्ध्या नारळाचा चव मंद आचेवर परतायला १२ ते १५ मिनिटं लागतातच. आधी थोड्या खोबरेल तेलात कांदा लालसर कर, मग चव घाल आणि कढईपासून हलू नकोस. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटेल. ओलं खोबरं कालथ्याला चिकटतं, आवाज करत नाही. पाणी आटलं की ते मोकळं होतं आणि वाळूसारखं सरसर वाजू लागतं. तिथून पुढे फार वेळ नसतो. शेंगदाण्याच्या सालीचा रंग आला की लगेच ताटात काढ. तापल्या कढईत राहिलं तर गॅस बंद केल्यावरही काळं पडतं. तुझं बहुतेक तिथेच चुकलं.

धने दोन चमचे, आठ-दहा मिरे, तीन-चार लवंगा, दालचिनीचा तुकडा, अर्धा चमचा बडीशेप, चमचाभर खसखस. हे वेगळं, कोरडंच भाज. मिरच्या सात-आठ. खोल्याची मिरची तुला बंगळूरला कुठली मिळायला! काणकोणातल्या डोंगरउतारावरची ती, २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या कुणाचा सत्कार झाल्यासारखं वाटलं होतं. तू ब्याडगी घे. रंग सुरेख येतो, पण तिखटपणा कमी, म्हणून दोन गुंटूर मिरच्या जोडीला घाल. हळद वाटतानाच टाक.

वाटण गंधासारखं हवं. आजी रगड्यावर वाटायची तेव्हा दोन बोटांत घेऊन चोळून बघायची, कण लागला की पुन्हा वाटायची. मिक्सरमध्ये पाणी एकदम ओतू नकोस, थोडं थोडं घाल. नाहीतर चोथा खाली आणि पाणी वर राहतं.

अळसांदे, म्हणजे आपली गावठी चवळी, रात्रभर भिजवलेले असावेत. बटाटा किंवा नवलकोल त्यातच शिजव. चिंचेचा कोळ मात्र अळसांदे बोटाने चेपले जातील इतके शिजल्यावरच घाल, आधी आंबट पडलं की दाणे कडकच राहतात. मग वाटण, मीठ आणि मंद उकळी.

आईने शुक्रवारच्या बाजारातून अळसांदे आणलेत. अर्धा किलो तुझ्यासाठी बांधून ठेवलेत, कुणी येणारं असलं की पाठवते. सोमवारी आपल्याकडे शिवराक, मासे-मटण नाही, तेव्हा उद्या इथेही तोणकच आहे. पत्र मिळालं की तूही कर. अळसांदे तिथे मिळाले नाहीत तर साधी चवळी घे. खोबरं कढईत पडलं की मला फोन लाव आणि फोन ओट्यावर ठेव. सरसर वाजायला लागलं की मी सांगतो.

तुझे,
पपा