काका, ती कापलेली रिंग अजून आहे का?

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

साइटवर वेल्डिंगची तपासणी तुमच्याकडे होती, सगळे तुम्हाला साहेब म्हणायचे. माझ्या तोंडून एकदा काका निघून गेलं, तुम्ही काही बोलला नाहीत, मग तेच चालू राहिलं. समोरासमोर आभार मानायला मला कधी जमलं नाही. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण आपल्या धंद्यातली बरीच पोरं वाचतील.

मी बोईसरकडचा. तारापूर अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच 1969 पासूनचे, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचे. ते दिवे लांबून बघत मोठा झालो, पण अणुवीज प्रकल्पाच्या कामाला हात लागला तो पार दुसऱ्या राज्यात, कंत्राटदाराचा टिग (आर्गॉन वायूच्या आडोशाने करायचं वेल्डिंग) वेल्डर म्हणून. हात चांगला होता. तुम्हीही म्हणायचात. त्याचाच माज होता.

त्या रात्रीचं सांगतो. स्टेनलेसचा पाइप होता. रूट, म्हणजे जॉइंटचा सगळ्यात आतला पहिला थर, मारताना पाइपच्या आतून आर्गॉन सोडत राहावं लागतं, नाहीतर आतल्या बाजूला वितळलेला धातू हवा लागून करपतो. डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंग कसं करायचं त्याच्या लेखी पद्धतीत, स्वच्छ लिहिलं होतं की रूट आणि वरचे दोन थर होईपर्यंत पर्जिंग, म्हणजे हा आतला आर्गॉन, बंद करायचं नाही. माझा सिलिंडर संपला. दुसरा आणायचा तर स्टोअरवाल्याला उठवा, सही घ्या, तासभर गेलाच. सकाळी सुपरवायझर जॉइंट मोजणार. शेवटचा पाव भाग मी तसाच ओढला.

तुम्ही आलात आणि जॉइंटकडे बघितलंसुद्धा नाहीत. वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरकडे बघितलंत. त्यातली गोळी तळाला बसलेली, म्हणजे वायू बंद.

मी म्हणालो, "साहेब, आरटीत, एक्स-रेसारख्या फिल्मवर, क्लिअर येईल."

"येईलही कदाचित," तुम्ही म्हणालात, "म्हणून तर कापायचा."

कापला. बाहेरून चांदीची साखळी घातल्यासारखा दिसणारा माझा मणी, म्हणजे वेल्डची रेघ, आतून काळा, खरखरीत, चिक्की करपून पातेल्याला चिकटावी तसा. तुम्ही त्यावर अंगठा फिरवायला लावलात. मग हळू आवाजात विचारलंत, "असे आणखी किती? आता सांगितलंस तर कापू. उद्या आत पाणी फिरायला लागलं की सांगूनही उपयोग नाही."

काका, तुम्ही ओरडला असतात तर मी शपथेवर "एकही नाही" म्हणालो असतो. मी म्हणालो, "दोन." त्यातल्या एकाची फिल्म आधीच क्लिअर होऊन आली होती! निव्वळ माझ्या शब्दावर तुम्ही तोही कापायला लावलात. सुपरवायझरने त्या दिवशी जो गोंधळ घातला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मी तुमच्या पाया पडलो होतो, की रिपोर्टमध्ये माझा स्टॅम्प नंबर, म्हणजे वेल्डर म्हणून माझी ओळख, घालू नका. तुम्ही घातलात. पुन्हा क्वालिफिकेशनची टेस्ट होईपर्यंत मला टिगला हात लावू दिला नाहीत. पगाराला चाट बसली. खोटं कशाला बोलू, तेव्हा तुम्हाला मनात भरपूर शिव्या दिल्या.

पण त्याच दिवसांत चहाच्या टपरीवर तुम्ही मला जे शिकवलंत ते आयटीआयमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. 1970-80 च्या दशकांत जगभरच्या उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये स्टेनलेसच्या पाइपांना जॉइंटशेजारीच तडे सापडले, हे तुम्ही बिस्किटाच्या पुड्यावर चित्र काढून दाखवलंत. वेल्डच्या उष्णतेने शेजारच्या धातूतलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं, कणांच्या कडा उघड्या पडतात. त्यात ताण आणि पाण्यातला ऑक्सिजन भेटला, की तडा आतून चालू लागतो. म्हणून कमी कार्बनची 'एल' ग्रेड, म्हणून दोन थरांमधलं तापमान मोजायचं. आणि लोखंडाचे कण चिकटून गंज धरतो, म्हणून स्टेनलेसला लोखंडी ब्रश लावायचा नाही. (माझ्या खिशातला तसला ब्रश तुम्ही फेकून दिला होतात, तो मी रागाने परत उचलून आणला होता. आज कबूल करतो.) तोपर्यंत पुढचा थर घालण्याआधीची 150 अंशांची मर्यादा म्हणजे वेल्डरला ताटकळत ठेवायची युक्ती, असंच मला वाटायचं.

आता मी स्वतः तपासणीच्या बाजूला आहे. रात्री चक्कर मारताना आधी गोळी बघतो, मग जॉइंट. मागच्या महिन्यात एक पोरगा आपणहून आला. इलेक्ट्रोड ओव्हनमधून काढून बराच वेळ उघड्यावर राहिले, ओल धरली असणार, तेच त्याने वापरले होते. घशाला कोरड पडलेली त्याची. मी आधी त्याला पाणी दिलं, मग रिपोर्ट लिहिला, स्टॅम्प नंबरासकट. लिहिताना तुमचीच आठवण झाली. तुमचे आभार मानतो ते त्या रिपोर्टसाठी आणि त्या हळू आवाजासाठीही.

एक मागणं आहे. त्या जॉइंटची अर्धी रिंग तुम्ही टेबलावर ठेवायचात, नवीन आलेल्या प्रत्येक वेल्डरच्या हातात द्यायचात, आणि ती कुणाची हे एकदाही सांगितलं नाहीत. निवृत्त होताना घरी नेली असेल तर मला द्याल का? न्यायला मी येतो. पोरांना दाखवायची आहे. कुणाची ते मी सांगेन.

तुमचा,
बोईसरचा वेल्डर