नाशिकच्या ट्रामचा मार्ग तरी दाखवा

महोदय,
नाशिकसाठी आखलेल्या ‘मेट्रो निओ’ या टायरवर धावणाऱ्या मेट्रोची चर्चा निघाली, की नाशिकला रुळांवरची शहर वाहतूक ठाऊकच नव्हती अशा थाटात बोलले जाते. प्रत्यक्षात 1889 मध्ये मेनरोडवरील जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम सुरू झाली होती. रूळ जेमतेम अडीच फूट रुंदीचे, दोन डबे आणि ते ओढायला चार घोडे! रेल्वेमार्ग गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर गेल्याने यात्रेकरू आणि व्यापाऱ्यांची जी पायपीट होई, ती या ट्रामने वाचवली. दुष्काळ आणि प्लेगच्या साथींनी तिचे उत्पन्न घटवले, तोटा वाढत गेला आणि 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली.

गरज मात्र तशीच आहे. रात्री मुंबईहून पंचवटी एक्स्प्रेसने उतरलेला चाकरमानी आजही ‘शालिमार, सीबीएस’ अशा आरोळ्यांमधून शेअर रिक्षा गाठतो आणि द्वारका चौकाच्या कोंडीत अडकतो. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिक मेट्रोसाठी 2,092 कोटींची घोषणा झाली, तेव्हा आम्हाला खरोखर आनंद झाला होता. तो प्रकल्प कधी होईल तेव्हा होवो. तोवर महापालिकेने मेनरोड आणि नाशिकरोड स्थानकाबाहेर ट्रामचा नकाशा व इतिहास सांगणारे ठळक फलक लावावेत, आणि रात्रीच्या गाड्यांच्या वेळेनुसार सिटीलिंक या शहर बससेवेच्या जादा बस सोडाव्यात. ही मागणी फार खर्चाची नाही.

– एक नियमित प्रवासी, नाशिकरोड