चित्र भलत्याच पेशीचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्हातारपणी मेंदूच्या आधारपेशींत साचणाऱ्या टाऊ प्रथिनावर कालच्या पुरवणीत लेख आला, याचा आनंद पान उलटेपर्यंतच टिकला. लेख ताराकार पेशींचा, म्हणजे ॲस्ट्रोसाइटचा. शेजारचे भलेमोठे चित्र मात्र चेतापेशीचे. ज्योतीच्या आकाराची काळी गाठ आणि खाली ओळ, ‘काटेरी पेशी’. अहो, ही गाठ आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली जगाला सांगितली. तिला काटेरी म्हणणे म्हणजे आंब्याच्या फोटोखाली ‘फणस’ लिहिणे.

काटेरी ताराकार पेशीत टाऊ पेशीच्या मुख्य भागात आणि तिथून निघणाऱ्या फांद्यांच्या बुडाशी ठासून भरते, कधी रक्तवाहिनीला टेकलेल्या टोकांपर्यंत जाते. ती सापडते मेंदूच्या पृष्ठावरच्या पातळ आवरणाखाली, पोकळ्यांच्या अस्तराखाली, रक्तवाहिन्यांभोवती आणि पांढऱ्या भागात. दुसरा प्रकार दाणेदार, धूसर पेशींचा. तो करड्या भागातला. त्यात फांद्यांभर बारीक भुकटी पसरल्यासारखी दिसते. दोन्हींत ४आर जातीचे (रेणूतला एक तुकडा चारदा येणारे) टाऊ असते. अल्झायमरच्या गाठीत ३आर (तो तुकडा तीनदा) आणि ४आर दोन्ही. या सगळ्याला ‘आर्टॅग’ (वाढत्या वयात ताराकार पेशींत साचणारे टाऊ) हे एकच नाव २०१६ साली गॅबोर कोव्हाक्स आणि सहकाऱ्यांनी दिले, ते प्रत्येक प्रयोगशाळेने आपापली नावे वापरून घातलेला गोंधळ मिटावा म्हणून. आपण एका चित्रात तो परत आणलात.

चौकटीतला सल्ला तर कहर आहे: ‘साठीनंतर दर दोन वर्षांनी टाऊ स्कॅन.’ कशासाठी? अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळालेले टाऊ पेट स्कॅनचे रसायन अल्झायमरच्या गाठींना चिकटते. आर्टॅगचे निदान त्यावर होत नाही. रक्तातल्या पी-टाऊ २१७ (फॉस्फेट जोडलेले टाऊ) चाचणीचा रोखही अल्झायमरकडेच. आर्टॅगचे निदान मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली होते.

तेही नीट केले तर. मेंदू १० टक्के फॉर्मलिनमध्ये दोनतीन आठवडे मुरवून मग तुकडे घेतात. तुकडा कापताना वरचे आवरण निसटले की आवरणाखालच्या पेशी हातच्या गेल्या. अमिग्डाला (कानशिलामागे आत असलेला बदामी भाग) आणि मेंदूच्या तळाकडचा भाग घेतलाच नाही, तर अहवालात ‘आढळले नाही’ येणारच. फक्त गॅलियास चांदीरंगावर भिस्त ठेवली तर धूसर पेशी बऱ्याचदा रंगच घेत नाहीत, म्हणून टाऊला चिकटणाऱ्या एटी८ प्रतिपिंडाचा रंग हवा. उलट अल्झायमर बळावलेल्या मेंदूत एटी८ इतके काही रंगवते की त्या जाळ्यात ताराकार पेशी शोधाव्या लागतात. तिथे फक्त ४आर रंगवणारे आरडी४ प्रतिपिंड कामी येते. झुपक्यासारखी ताराकार पेशी दिसली तर पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी) आठवावा, फांद्यांच्या टोकांशी टाऊचे कडे दिसले तर सीबीडी (कॉर्टिकोबेसल डिजनरेशन). हे वेगळे आजार आहेत, आर्टॅग नव्हे.

डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूंचा उल्लेखही असाच घाईचा. सीटीई (वारंवारच्या माराने होणारा मेंदूचा आजार) म्हणायला मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, रक्तवाहिनीभोवतीच्या चेतापेशींत टाऊ लागते. नुसत्या काटेरी पेशींवर ते निदान होत नाही. आणि या पेशी स्मृती शाबूत असलेल्या वृद्धांच्या मेंदूतही सापडतात, हे वाक्य लेखात कुठेच नाही. ते असते तर चौकट छापण्याचे कारणच उरले नसते, ही अडचण समजू शकतो.

त्या चौकटीच्या जागेत बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकार संस्थेतल्या मेंदूपेढीची माहिती सहज मावली असती. या पेशी पाहायच्या तर मेंदूदान लागते, स्कॅनचे पॅकेज नव्हे. निदान चित्राची दुरुस्ती तरी छापावी. पान सातच्या कोपऱ्यात, राशिभविष्याखाली नको.

आपला,
न्यूरोपॅथॉलॉजीतला एक वाचक, पुणे

ता. क. एकाच लेखात टाऊ, टॉ आणि ताऊ अशी तीन रूपे आहेत. ग्रीक अक्षरावरून आलेले नाव आहे ते. हरियाणातल्या थोरल्या काकांना मेंदूत बसवू नये.