दोस्ता, रायफल घेण्याआधी एवढं वाच

सेलू तालुका, जि. वर्धा
मार्गशीर्ष, रविवार सकाळ

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. तूर फुलोऱ्यावर असताना रोह्यांनी (नीलगायींनी) शेंडे खुडले, आणि उरलेल्या दोन एकर हरभऱ्यात डुकरांनी एका रात्रीत नांगर फिरवल्यासारखं केलं, हे वाचून जेवण गोड लागलं नाही. रात्रभर जागल करून पहाटे तेच बघायचं, यासारखं दुःख नाही. त्यामुळे ‘सहाशे मीटरवर अचूक बसणारी रायफल सांग’ असं तू का लिहिलंस, ते मला कळतं. तरी मी तुला तशी रायफल सुचवणार नाही. का, ते सविस्तर लिहितो. तू दुकानात जाण्याआधी हे वाचावंस म्हणून आज कापूस वेचणीवर न जाता लिहायला बसलो आहे.

कागदाचं आधी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे, ती कुणालाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारायचं तर कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी हातात पाहिजे. परवानगी असेल त्याच जनावरावर, असेल त्याच मुदतीत. आमच्याकडे बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल हाकेच्या अंतरावर आहे, वाघ शेतात येऊन जातो. तुरीत काहीतरी हललं म्हणून गोळी सुटता कामा नये. काकांची बारा बोअर बंदूक तुझ्या नावावर आहेच, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. म्हणजे तुझ्याकडे एकच जागा उरली आहे. ती व्हिडिओ पाहून भरू नकोस.

फौजेत माझ्या हाती ड्रॅगुनोव्ह ही स्नायपर रायफल होती, दुर्बिणीसकट सव्वाचार किलोच्या वर. तिच्यावर मी जीव लावला. सुटून आल्यावर मलाही वाटायचं की लांबचं मारता येतं तर लांबचंच घ्यावं. गावी आल्यावर पहिल्याच हंगामात माचाणावर बसून हिशेब केला तेव्हा डोळे उघडले. तो हिशेब तूही कर. तुझं माचाण चार मीटर उंच धर. डुकराची छाती जमिनीपासून अर्धा मीटर. जनावर १०० मीटरवर असेल आणि गोळी त्याला चुकली किंवा आरपार गेली, तर ती त्याच्यामागे चौदा-पंधरा मीटरवर मातीत शिरते. तेच जनावर ३०० मीटरवर असेल तर ती तीस-चाळीस मीटर पुढे जाऊन, अगदी सपाट कोनात जमिनीला लागते. तिथं एखादा दगड असला की उडते. थर्टी-ओ-सिक्स रायफलीची मोकळी सुटलेली गोळी साडेतीन-चार किलोमीटर सहज जाते. आता डोळे मिटून तुझं वावर आठव. पूर्वेला पांदण, पांदणीपलीकडे पऱ्हाटी, आणि पहाटेच्या उजेडात ओटी बांधून वेचणीला निघालेल्या बाया. डोंगराळ मुलखात जनावरामागे टेकडी असते, गोळी तिच्या पोटात जाते. आपल्या सपाट रानात जनावरामागे माणसं असतात.

म्हणून माझं स्वतःचं अंतर मी दीडशे मीटर ठरवलं आहे. पाठीमागं नाल्याची दरड असली तरच दोनशे. तुझ्यासाठी रायफल शोधायची ती या अंतराची.

आता मिळतं काय ते बघ. इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ बोअर रायफल आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसते. .३०३ ही फौजी बोअर असल्यानं नागरिकाला मिळत नाही, म्हणून ही निघाली. ठेवण जुन्या फौजी ली-एनफिल्ड रायफलीसारखीच. गोळी जड, २४४ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप), पण हळू, त्यामुळे लांबवर लवकर खाली येते. शंभर-सव्वाशे मीटरपर्यंत मात्र डुकरासाठी तिच्यात काहीही कमी नाही. दुसरी .३०-०६, म्हणजे थर्टी-ओ-सिक्स. काडतूस १९०६ चं, तरी आजही उत्तम. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला आठशे मीटरच्या पुढे निघते. २०० मीटरवर झिरो केली, म्हणजे तिथं नेम धरला तिथंच गोळी बसेल अशी लावून घेतली, तर ३०० वर ती साधारण वीतभर खाली बसते आणि ४०० वर दीड हात. बघ, शंभर मीटर वाढले की वीतेचा दीड हात होतो. अंधूक उजेडात तीनशे आणि चारशेतला फरक डोळ्यानं सांगू शकशील? मी नाही सांगू शकत, आणि मला सरकारनं पगार देऊन ते शिकवलं होतं. त्यात वारा. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे तुरीचे शेंडे नुसते डोलतील एवढा, तीच गोळी ३०० मीटरवर सात-आठ इंच बाजूला नेतो. डुकराच्या छातीतली मर्माची जागा नाश्त्याच्या ताटलीएवढी.

जुन्या घराण्यांकडे मॉझर, रिग्बी असतात आणि कधीकधी विकायला निघतात. ७ मिमी मॉझर, जिला .२७५ म्हणतात, ती खांद्याला सौम्य आणि फार गोड रायफल आहे. पण तिची काडतुसं शोधत फिरावं लागेल, आणि ज्या रायफलीचा राउंड मिळत नाही तिचा सराव होत नाही. माझं मत थर्टी-ओ-सिक्सला. पैसे ताणत असतील तर .३१५ घे आणि मनात खंत ठेवू नकोस.

वापरलेली घेताना एक कर. चिमूटभर कापूस खिशात ठेव, घरचाच, सरकी काढलेला. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा मागचा दांडा, काढून नळी आधी आभाळाकडे धरून आतून बघ. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, धारदार, चकचकीत दिसले पाहिजेत. काळे खड्डे दिसले की रायफल ठेवून दे. मग तो कापूस बोटाच्या टोकावर घेऊन नळीच्या तोंडाच्या कडेवरून हलकेच गोल फिरव. कड साबूत असेल तर कापूस सरकत जातो. कुठं एक तंतू जरी अडकला, तर तिथं कड चेपली आहे. गोळी नळी सोडते ती शेवटची जागा. तिथं नखाएवढी खोक असली तरी गोळी तिरपी निघते, मग आतून नळी कितीही सुंदर असो. दुकानदार तुझ्याकडे बघत राहील, बघू दे.

नंतर एक पोस्टकार्ड घे आणि नळी व लाकडाच्या मधून सरकव. ते पुढून मागपर्यंत विनाअडथळा गेलं पाहिजे. आपल्याकडे मृगापासून पोळ्यापर्यंत हवा ओली, लाकूड फुगतं आणि नळीला दाबतं. मे महिन्यात तेच लाकूड सुकून आकसतं. उन्हाळ्यात झिरो केलेली रायफल दिवाळीत दुसरीकडेच मारते ती यामुळे. ज्या ली-एनफिल्ड धाटणीच्या रायफलीत लाकूड नळीला मुद्दामच टेकवलेलं असतं, तिथं हे कार्ड लागू नाही. मग तिला दर हंगामाच्या सुरुवातीला कागदावर मारून बघणं एवढाच उपाय.

जड नळीची रायफल घेऊ नकोस. रेंजवर टेकून मारायला ती चांगली. पण तू ओल्या काळ्या रानातून चालणार आहेस, एकेका बुटाला शेर-शेर माती चिकटलेली. साडेतीन किलोची रायफल, अर्ध्या किलोची दुर्बीण, पट्टा आणि पाच राउंड, एवढ्यातच साडेचार किलोकडे जातं. दोन किलोमीटर चालून दम लागलेल्या माणसाच्या हातात सहा किलोची रायफल हलते, साडेचारची कमी हलते. दुर्बिणीचंही तसंच. मी एकदा चोवीस पटीची लावली होती. सकाळी काळ्या मातीवरून वाफ उठली की त्यातून सगळं पाण्यासारखं लहरायचं, आणि जनावर एक पाऊल सरकलं की दिसायचंच बंद. आता साधी चार पटीची आहे, आणि ती पुरते.

आता जे सांगायला मला जड जातं ते लिहितो. २०२१ च्या जानेवारीतली गोष्ट. परवानगी हातात होती, वनरक्षक सोबत होता. रायफल मी मोटारसायकलला आडवी बांधून पांदणीनं अकरा किलोमीटर नेली होती. हरभऱ्याच्या पल्याड एकटा मोठा सुळेवाला डुक्कर, दोनशे सत्तर मीटर, मागं नाल्याची दरड. मी टेकून, श्वास सोडून, त्याच्या खांद्यावर नेम धरून गोळी घातली. जनावर वाकलं आणि शेजारच्या पऱ्हाटीत घुसलं. रक्त काळपट होतं, त्यात चारा. म्हणजे पोटाला लागली होती. साडेतीन तास आम्ही त्याच्या मागावर होतो. पऱ्हाटीच्या बोंडांवर, खाली पडलेल्या पानांवर ठिपके बघत. शेवटी नाल्यातल्या बेशरमीच्या झुडपात ते बसलेलं सापडलं आणि दुसऱ्या गोळीनं संपलं. त्या साडेतीन तासांत कुणी वेचणीची बाई त्या पऱ्हाटीत शिरली असती तर, हे आजही रात्री आठवतं. आणि त्या जनावरानं जे सोसलं ते माझ्या हातानं.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून रेंजवर १०० मीटरला कागदावर मारून पाहिली. ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, छान, तीन गोळ्या रुपयाभोवती, पण सगळा बारा सेंटिमीटर उजवीकडे. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या पुढच्या कड्याचा स्क्रू बोटानं फिरत होता. १०० वर बारा, म्हणजे २७० वर बत्तीस. खांद्यावरची गोळी पोटात जायला एवढं पुरतं. रायफल अचूकच होती. अकरा किलोमीटरच्या हादऱ्यानं तिची दुर्बीण हलली होती, आणि मी तपासलं नव्हतं. तेव्हापासून दीडशेचा नियम.

म्हणून रायफल कशी न्यायची हेही सांगतो. गाडीवर नेताना जाड गोधडीच्या खोळीत, स्वतःच्या पाठीवर, गाडीला कधी बांधायची नाही. कड्यांच्या स्क्रूंवर नखपॉलिशची एक बारीक रेघ स्क्रूपासून कड्यापर्यंत ओढ. वहिनीकडून माग. रेघ तुटलेली दिसली की त्या दिवशी शिकार नाही. नळीच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लाव. आपली माती एकदा नळीत गेली आणि तशीच गोळी सुटली तर नळी फाटते. पट्टीतून गोळी निघून जाते, नेमात फरक पडत नाही. चालताना राउंड नळीत नको. धुऱ्यावर चढताना, झटक्याच्या (विजेच्या कुंपणाच्या) तारेखालून जाताना बोल्ट उघडा. माचाणावर आधी तू चढ, मग रिकामी रायफल दोरीनं, तोंड खाली ठेवून ओढून घे. काडतुसं उन्हात बोनेटवर ठेवू नकोस. तापलेली दारू जोरात जळते आणि गोळी वर बसते.

पट्टा मात्र रुंद घे, चामड्याचा, दोन बोटं रुंदीचा तरी. वाचलेल्या पैशांचे राउंड घे आणि रेंजवर जा. बसून, टेकून, गुडघ्यावर. १०० मीटरवर पाच सेंटिमीटरचा ग्रुप आला की दीडशेवर आपलं काम निर्धास्त होतं.

आणखी एक, निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करावं लागू शकतं. २०२४ च्या विधानसभेला ऐन सोयाबीन निघण्याच्या आणि तूर फुलायच्या दिवसांत ते झालं. त्यामुळे झटका मशीन आणि रात्रीची जागल सोडू नकोस. एका रायफलीवर शेत सोडून देता येत नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं मी राळेगावला येतो. तोवर दुकानात बयाणा देऊ नकोस. परवान्याची मूळ प्रत काढून ठेव, आणि तुझ्या माचाणापासून चारही बाजूंना दीडशे मीटरवर एकेक खुंटी ठोकून ठेव, पायानं नाही, टेपनं मोजून. कोणत्या खुंटीमागं काय आहे ते आपण दोघं चालून बघू, मग रायफल बघायला जाऊ. कापूस मी आणतो.

काकांना नमस्कार, वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद. गुडघा दुखत असला तर जागलीला एकटा जाऊ नकोस.

तुझाच,
शाळेपासूनचा मित्र