मंत्री महोदय, माझी आई पडली होती. आपण लिहून दिलंत, ‘हे खरे नाही’

मा. मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपल्या नावाने छापलेलं एक उत्तर गेल्या बुधवारी मला वॉट्सअ‍ॅपवर आलं. आमच्या आमदारांच्या पीएने पाठवलं होतं. खात्याचं आणि वाडीचं नाव मी इथे मुद्दाम घालत नाही, कारण उद्या चौकशीच्या नावाखाली कोणी आईच्या खाटेशी येऊन उभं राहायला नको. प्रश्नाचा क्रमांक आपल्या कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवला आहे.

मी एसटीचा निवृत्त वाहक. कोकणातल्या घाटरस्त्यांवर ३१ वर्षं तिकिटं फाडली. सरकारी कागद कसा वाचायचा ते मला कळतं. म्हणून तो कागद मी तीनदा वाचला.

आमदारांचा प्रश्न नेहमीच्या साच्यातला होता. अमुक वाडीजवळच्या वहाळावर (ओढ्यावर) पक्का साकव (छोटा पूल) नसल्याने एक वृद्ध महिला पडून गंभीर जखमी झाली, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले? त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आणि आपलं उत्तर असं. (१) हे खरे नाही. अशा घटनेची नोंद आढळून येत नाही. तथापि, सदर वाडीस पर्यायी रस्ता उपलब्ध आहे. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

ती वृद्ध महिला माझी आई आहे, महोदय. वय ७९.

१९ ऑगस्टला सकाळी साडेदहाच्या सुमारास ती रेशन घेऊन परत येत होती. पाऊस थोडा उघडला होता. वहाळावर आम्ही दरवर्षी पोफळीची चार खोडं टाकून काथ्याने बांधतो. आमचा साकव तो एवढाच. शेवाळ धरलं की वर राख टाकायची, पाऊस पडला की राख वाहून जाते. मधल्या खोडावर तिचा पाय गेला. मी गोठ्यात होतो. शेजारच्या पोराची हाक ऐकून धावलो, तर आई दगडांत आडवी, तांदळाची पिशवी फुटलेली, आणि ती एका हाताने तांदूळ गोळा करायला बघत होती. मी उचलायला गेलो तेव्हा ओरडली. ते ओरडणं अजून कानांतून जात नाही.

खुबा मोडला होता. १०८ ला फोन लावला. गाडी आली, पण पलीकडच्या डांबरी रस्त्यावर. वहाळाला तोवर पाणी चढलं होतं, खोडं हलत होती. मग प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले, आईला लुगड्याने खुर्चीला बांधलं, आणि चौघांनी खांद्यावर घेऊन आपल्या त्या ‘पर्यायी रस्त्याने’ नेलं. हा रस्ता म्हणजे डोंगराच्या कुशीतून जाणारी पायवाट. माझ्या मोजणीने नऊ किलोमीटर तरी असेल. पावणेतीन तास लागले. वाटेत दोनदा जळवा काढायला थांबावं लागलं. आईने पूर्ण वाटेत एकच विचारलं, ‘तांदूळ कोणी उचलला काय रे?’

शस्त्रक्रिया शहरात करावी लागली. औषधं, राहणं, गाडीभाडं धरून पावणेदोन लाख गेले. निवृत्तीच्या पैशातून छपराची कौलं बदलायची होती, ती राहिली. आई आता पडवीतल्या खाटेवर आहे. स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाणारी बाई कूस बदलायलाही कोणाला तरी हाक मारते.

त्या दिवशी मी मोबाइलवर वाचत बसलो होतो ते तिने पाहिलं. ‘माझ्याबद्दल काय लिहिलंय त्यात?’ म्हणाली. खोटं बोलायला जमलं नाही. वाचून दाखवलं. ‘हे खरे नाही.’ तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग छताकडे बघत म्हणाली, ‘मग मी पडले कशी?’

याचं उत्तर आपण द्यायचं आहे. मला ते देता आलं नाही.

नोंद आढळून येत नाही, असं आपण म्हणता. नोंद शोधली कुठे? रुग्णवाहिका आली, तिची नोंद आहे. दवाखान्यात आई दाखल झाली, त्याची नोंद आहे. तिच्या खुब्यात बसवलेल्या सळीचं बिल माझ्याकडे आहे. मी चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. आमदारांचा प्रश्न विधान भवनातून मंत्रालयात गेला, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला. तालुक्याच्या कार्यालयातून आमच्या सरपंचांना दुपारी साडेतीनला मेसेज आला, ‘अशी घटना घडली आहे का, पाच वाजेपर्यंत कळवा.’ सरपंच लग्नाला बाहेरगावी होते, त्यांनी मेसेज रात्री पाहिला. पाच वाजता कळवून टाकलं गेलं, नोंद आढळून येत नाही. ते वाक्य तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला आणि मुंबईहून नागपूरला गेलं, आणि त्याच्याखाली आपलं नाव आलं. दीड तासात माझी आई खोटी ठरली. साकवाची फाइल एवढ्या वेगाने कधी हलली नाही.

शिवाय ज्याच्या कामाबद्दल प्रश्न विचारला, त्याच्याकडूनच उत्तर लिहून घेतलं गेलं. साकव न बांधणाऱ्या कार्यालयालाच विचारलं, की साकव नसल्यामुळे कोणी पडलं का? ते काय लिहिणार होते? मी गाडीवर होतो तेव्हा रस्त्यात तपासणी पथक चढायचं, ट्रे उघडायचं, वे-बिल आणि पैसे मोजायचं. दहा रुपये कमी निघाले तर जागेवर मेमो. माझा हिशोब मीच तपासायचा असं कोणी मला ३१ वर्षांत सांगितलं नाही. आपल्या खात्याला मात्र तेच सांगितलं जातं, आणि त्याला सभागृहातलं उत्तर म्हणतात.

बरं, हा प्रश्न तारांकित होता. म्हणजे आमदारांना उभं राहून पूरक प्रश्न विचारता आला असता. विचारलं असतं, ‘मंत्री महोदय, तो पर्यायी रस्ता किती किलोमीटरचा? त्यावरून गाडी जाते का?’ दोन प्रश्नांत सगळं उघडं पडलं असतं. पण प्रश्न यादीत खाली होता. तास एक आणि प्रश्नांची रांग लांबलचक. पहिले काही प्रश्न होतात, कधी गोंधळात तेवढेही होत नाहीत, आणि बाकीच्यांची छापील उत्तरं पटलावर ठेवली जातात. छापील उत्तराला उलट विचारता येत नाही. माझ्या मुलाने मला त्या अधिवेशनातली वीसपंचवीस उत्तरं उघडून दिली. ‘अंशतः खरे आहे’, ‘माहिती घेण्यात येत आहे’, ‘कार्यवाही सुरू आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. निम्म्याहून जास्त उत्तरं या चार वाक्यांवर भागली होती. खाती वेगळी, मंत्री वेगळे, जिल्हे वेगळे, वाक्यं तीच.

आणि याच साकवाबद्दल दोन वर्षांपूर्वी सभागृहात आश्वासन मिळालं होतं, हे आपल्या लोकांनी आपल्याला सांगितलं का? लक्षवेधी सूचनेवर बोलताना तेव्हाच्या मंत्र्यांनी कोकणातल्या अशा साकवांची कामं पुढच्या पावसाळ्यापूर्वी हाती घेऊ, असा शब्द दिला होता. यादीत आमची वाडी होती. आम्ही टीव्हीवर पाहिलं, वाडीत पेढे वाटले. ते पेढे आईनेच तालुक्याहून आणवले होते. दोन पावसाळे गेले. मंत्र्यांनी सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही ते बघायला विधिमंडळात आश्वासन समिती आहे. दिल्लीत लोकसभेत १९५३ पासून आहे, तिथे मंत्र्याने दिलेलं आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असा दंडक आहे. आमच्या आश्वासनाचं काय झालं हे विचारायला मी तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. याच राज्यात २००५ चा विलंब रोखणारा कायदा आहे, त्यात कोणत्याही कर्मचाऱ्याने फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवायची नाही असं लिहिलंय. सात दिवस! साकवाची फाइल सात दिवस आहे की सातशे, कोणी मोजलंय?

काम होत नाही असं नाही, महोदय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आमच्या एसटीच्या दोन गाड्या पुरात गेल्या. चालक-वाहक गेले, प्रवासी गेले. तेव्हा मी सेवेत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नुसते खाकी कपडे घालून उभे होतो. पावसाळी अधिवेशन चालूच होतं, सभागृहात निवेदनं झाली. मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरवला होता, असं तेव्हा सरकारकडूनच सांगण्यात आलं. तपासणीचा कागद शाबूत राहिला, पूल गेला. आणि नवा पूल? १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये गाड्या धावल्या. सावित्रीसारख्या नदीवर! आणि आमच्या वहाळाची रुंदी चाळीस फूट नाही. म्हणजे माणसं आधी मरावी लागतात का? माझी आई मेली नाही म्हणून तिची नोंद नाही का?

राग एकट्या आपल्यावर नाही. हे सगळंच सडत आलंय. याच देशात १९५७ साली लोकसभेत उद्योगपती मुंदडांच्या प्रकरणावर प्रश्न आले, आयुर्विमा महामंडळाचे सव्वा कोटी रुपये कोणाच्या कंपन्यांत गेले ते खासदार फिरोज गांधींनी लावून धरलं, मुंबईत न्यायमूर्ती छागलांसमोर उघड चौकशी झाली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. एवढी ताकद प्रश्नात होती. मग २००५ साल आलं. प्रश्न विचारायला पैसे घेताना खासदार कॅमेऱ्यात सापडले, ११ जणांना घालवावं लागलं. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडचं कारण दाखवून संसदेत प्रश्नोत्तराचा तासच काढून टाकला. लेखी उत्तरं तेवढी चालू ठेवली. लेखी उत्तरांत किती सत्य मावतं ते माझ्या घरातल्या खाटेवर दिसतंय. आमच्या एसटीला डबल बेल कोविडमध्येही बंद नव्हती. मुंबईत अत्यावश्यक सेवेसाठी आमच्या पोरांनी गाड्या नेल्या, त्यातले काही परत आले नाहीत. आणि प्रश्न विचारणं तेवढं धोक्याचं होतं?

विधिमंडळाबद्दल मी उद्या काही वावगं बोललो तर माझ्यावर हक्कभंग येईल. राज्यघटनेने सभागृहाला तो अधिकार दिला आहे, मी तो मानतो. मग सभागृहात चुकीचं उत्तर गेलं तर सभागृहाचा हक्क भंगत नाही का? आणि ज्या बाईला छापील कागदावर खोटं ठरवलं, तिने कोणाकडे जायचं? तिला गॅलरीत बसून हात वर करता येत नाही. ती गॅलरीपर्यंत जाऊच शकत नाही, वहाळ आडवा आहे.

म्हणून सांगतो. चुकीचं उत्तर दिलं गेलं तर मंत्र्याला सभागृहात दुरुस्तीचं निवेदन करता येतं. ते आपण करा. ‘हे खरे आहे’ एवढे तीन शब्द पटलावर यायला हवेत, माझ्या आईच्या हयातीत. दुसरं, प्रश्नात ज्याच्या दुखण्याचा उल्लेख आहे, त्या माणसाचा जबाब घेतल्याशिवाय आणि तो उत्तराला जोडल्याशिवाय उत्तर मंत्रालयातून बाहेर पडू देऊ नका. तालुक्याचा माणूस मोटरसायकलने निम्म्या वाटेपर्यंत येऊ शकतो, पुढे मी न्यायला येईन. आणि पर्यायी रस्ता आहे असं लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला त्या रस्त्याने एकदा चालत आणा. पावसात आणा. सोबत एक खुर्ची आणि दोन बांबू मी देतो.

साकव बांधा हे वेगळं सांगायला नको. वाडीतली नऊ मुलं त्याच खोडांवरून शाळेत जातात. गणपतीला चाकरमानी मुंबईहून येतील तेव्हा मूर्तीसुद्धा त्यावरूनच यायची आहे.

आईचा एक्स-रे, रुग्णवाहिकेच्या फोनची वेळ दाखवणारा कागद आणि दवाखान्याच्या कागदाची प्रत वेगळ्या पत्रासोबत रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. पोचपावतीची वाट पाहतो. आई रोज विचारते, पोस्टमन आला काय. त्यालाही वहाळ ओलांडूनच यावं लागतं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक